टॉवरकडे पाठ

खात्याच्या नकाशावर ती दरी लाल रंगाने भरलेली होती. लाल म्हणजे इथे चित्र पोहोचणार नाही, प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

टीव्हीचं प्रक्षेपण नव्या पद्धतीवर गेलं त्याला पाच आठवडे झाले होते. जुन्या लहरी बंद, नव्या सुरू, आणि त्याही वेगळ्याच वारंवारतेवर. शहरातल्या लोकांनी रिमोटवर चॅनेल पुन्हा शोधले आणि विषय संपला. डोंगराकडच्या गावांत तसं झालं नाही. पूर्वी लहर अशक्त असली, तरी पडद्यावरच्या मुंग्यांमधून का होईना, बातम्या सांगणारा माणूस ओळखू यायचा. नव्या पद्धतीत अधलंमधलं काही नाही. आलं तर धुतल्यासारखं स्वच्छ, नाही तर काळा पडदा.

प्रक्षेपण खात्यातली एक तपासणीस त्या दरीत आली ती या काळ्या पडद्यांची नोंद करायला. पंचेचाळिशीची बाई, जीप स्वतःच चालवायची आणि गळ्यात सिग्नल मोजायचा मीटर अडकवलेला असायचा. त्यामुळे जिथे जाईल तिथे लोक तिला ‘मीटरबाई’ म्हणायला लागायचे. दरीत अकरा घरं होती. प्रत्येक घरात मीटर लावायचा, आकडा लिहायचा, ‘येत नाही’ या रकान्यात खूण करून घरच्यांची सही घ्यायची. मग खातं त्यांना डिश बसवून देणार. संध्याकाळपर्यंत उरकेल असं काम होतं.

आकडा चोवीसच्या वर असला तर चित्र दिसतं. पहिल्या घरात आला नऊ. दुसऱ्या घरात अकरा. दोन्हीकडे सह्या झाल्या, दोन्हीकडे चहा झाला.

तिसऱ्या घराच्या पायऱ्या चढताना तिला आतून हवामानाच्या बातम्या ऐकू आल्या. रेडिओ असेल, असं म्हणत तिने दार वाजवलं.

दार उघडलं ते उंच, सडपातळ, केस घट्ट बांधलेल्या एका बाईने. वय साठीच्या पुढे. मीटरबाईने फॉर्म पुढे केला, तो तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत दिला.

“यावर सही कशी करणार? आमचा टीव्ही चालू आहे.”

“डिश बसवलीत का?”

“छे हो. जुनाच अँटेना आहे गच्चीवर.”

मीटरबाई आत डोकावली. खरंच चालू होता. निवेदिकेच्या कानातल्या डुलाचा खडासुद्धा दिसत होता. टीव्हीशेजारी शिलाई मशीनवर दुसरी एक बाई बसली होती. गोल चेहरा, तोंडात दोन टाचण्या, मांडीवर कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट. तिने टाचण्या काढल्या आणि हसून म्हणाली, “बसा. उभ्याउभ्या काय बघता?”

या दोघी नणंद-भावजय. नणंद टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. भाऊ सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून घरात दोघीच. सगळी वस्ती नणंदेला आत्या म्हणायची आणि भावजयीला काकू.

मीटरबाईने टीव्हीची वायर काढून मीटरला जोडली. अडतीस. तिने मीटर बंद करून पुन्हा चालू केला. अडतीस. जीपमध्ये जाऊन बॅटरी बदलून आली. अडतीसच.

“बिघडलाय का?” काकूंनी विचारलं.

“मीटर बिघडला नाही. माझा नकाशा बिघडलाय बहुतेक. गच्चीवर जाऊ का?”

गच्चीवर कपडे वाळत घातले होते. कोपऱ्यात लोखंडी पाइपवर अँटेना उभा होता, मासोळीच्या काट्यासारखा, जुना, काड्या थोड्या वाकलेल्या. मीटरबाई बघतच राहिली. प्रक्षेपणाचा टॉवर उत्तरेला, समोरच्या डोंगररांगेच्या पलीकडे. बाकीच्या दहा घरांचे अँटेने मान वर करून तिकडेच बघत होते. या अँटेन्याचं तोंड बरोबर उलट, दक्षिणेला होतं. त्याने टॉवरकडे चक्क पाठ केली होती.

“वाऱ्याने फिरला वाटतं,” ती म्हणाली.

“वाऱ्याने नाही, हिने फिरवला,” आत्या म्हणाल्या. सुरात कौतुक कमी आणि तक्रार जास्त होती.

मग हकीकत कळली. प्रक्षेपण बदललं त्या दिवसापासून घरातला टीव्ही काळा. आत्यांनी हार मानली नाही. रोज सकाळी गच्चीवर जायचं, अँटेना एक बोटभर सरकवायचा, खाली येऊन टीव्हीवर चॅनेल शोधायचे, निकाल वहीत लिहायचा, पुन्हा वर जायचं. डोंगराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन वेळा झालं. एकोणीस दिवस. निकालाच्या रकान्यात एकोणीस वेळा ‘नाही’.

विसाव्या दिवशी काकू चादरी वाळत घालायला गेल्या. अँटेन्याची लांब दांडी दोरीच्या आड येत होती. “मी म्हटलं, नाहीतरी हा काही कामाचा नाही, निदान वाटेतून तरी बाजूला होऊ दे,” काकू म्हणाल्या. “पाना घेतला, ढिला केला आणि दिला फिरवून. खाली वन्सं नेहमीप्रमाणे बटणं दाबत बसल्या होत्या. एकदम ओरडल्या. मला वाटलं, पडल्याच!”

“सात चॅनेल,” आत्या म्हणाल्या. “एकोणीस दिवस मी झिजले आणि हिला चादरींमुळे सात चॅनेल.”

“आता दोन आठवडे हेच ऐकतेय मी,” काकूंनी मीटरबाईला सांगितलं.

मीटरबाईने खालून मीटर वर आणला आणि अँटेना हळूहळू टॉवरच्या दिशेला वळवला. आकडा उतरत गेला. बारा. पुन्हा दक्षिणेला. अडतीस. बावीस वर्षं ती या खात्यात होती. डोंगरावरून, इमारतींवरून लहरी परावर्तित होतात हे तिला पाठ होतं. पण परावर्तित लहर हा आजवर तिच्या लेखी एक उपद्रव होता. तिच्याच जोरावर एखाद्या घरात इतकं स्वच्छ चित्र यावं, हे ती पहिल्यांदा बघत होती. कुठून येत होती ही लहर?

“दरीत हाक मारली तर परत येते ना, तसं झालंय,” ती म्हणाली. “टॉवरची लहर सरळ यायला समोरचा डोंगर आडवा आहे. पण ती डोंगरावरून पलीकडे जाते, मागच्या उतारावर कशावर तरी आपटते आणि तुमच्या गच्चीवर परत येते. कशावर आपटते, ते शोधायला पाहिजे.”

तिघींनी दक्षिणेला पाहिलं. मागच्या उतारावर तीन गोष्टी नजरेत भरत होत्या. जवळच पाण्याची गोल टाकी. तिच्या बरंच वर एक लांबलचक पत्र्याचं गोदाम. आणि अगदी मागे, दगडाच्या जुन्या खाणीचा सरळ तासलेला काळा कडा.

“कडा,” मीटरबाई म्हणाली. “एवढी मोठी सपाट भिंत दुसरी नाही.”

“टाकी,” आत्या म्हणाल्या. “जवळ आहे ना.”

काकू कपडे गोळा करत होत्या.

अँटेना थोडा इकडेतिकडे वळवून पाहिला. पण तिन्ही गोष्टी जवळजवळ एकाच रेषेत होत्या, त्यामुळे फरक कळेना. पुढची आठ घरं तशीच राहिली होती. कामाच्या हिशोबाने मीटरबाईने अडतीस लिहून निघायला हवं होतं. ती खाली येऊन खुर्चीवर बसली आणि पेन नुसतंच बोटांत फिरवत राहिली.

आत्या समोर येऊन बसल्या. “एक विचारू? एक्स्चेंजमध्ये लांबचे कॉल लागायचे तेव्हा कधीकधी माणसाला स्वतःचाच आवाज परत ऐकू यायचा. गाव जेवढं लांब, तेवढा तो उशिरा यायचा. आम्हाला उशिरावरून कळायचं, लाइन कुठपर्यंत जाऊन परत फिरतेय ते. या लहरीला किती उशीर होतो, ते मोजता नाही का येणार?”

मीटरबाईने मान वर केली. “त्याला वेगळं यंत्र लागतं, ते माझ्याकडे नाही. जुन्या पद्धतीत मात्र नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. उशिरा येणाऱ्या लहरीचं चित्र मूळ चित्राच्या उजवीकडे उमटायचं. सावलीसारखं.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

“दोन नाकांचा!” काकू म्हणाल्या आणि आत्या खो-खो हसायला लागल्या.

या घरात टीव्ही आला त्या दिवसापासून त्यावरच्या प्रत्येक माणसाला दोन नाकं होती. फुटबॉलच्या मैदानावर चव्वेचाळीस खेळाडू. काकूंच्या यजमानांनी त्या सावलीशी आयुष्यभर भांडण मांडलं. अँटेना उंच केला, बुटका केला, वायर बदलली, काड्या घासून पुसून लख्ख केल्या. मूळ चित्र फिकट होतं ते त्यांना चालायचं. सावली चालायची नाही. पाहुणा आला की आधी तिच्याबद्दल माफी मागायचे.

“ती सावली किती अंतरावर पडायची, आठवतंय?” मीटरबाई पुढे सरकली. “अंदाजे नको. अगदी नेमकं हवंय.”

“आठवायचं कशाला?” काकू उठल्या. “फोटो आहे.”

कपाटातून त्यांनी एक पाकीट काढलं. टीव्ही घेतला त्या आठवड्यातला फोटो, दुपारच्या उजेडात काढलेला. टीव्हीच्या बाजूला हात ठेवून काकूंचे यजमान उभे, नवा शर्ट, चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेला गंभीरपणा. पडदा चालू होता. पडद्यावर एक निवेदक, आणि त्याच्या उजव्या खांद्याबाहेर त्याचीच फिकट कड, स्पष्ट.

“टेप,” मीटरबाई म्हणाली.

काकूंनी गळ्यातली मोजपट्टी काढली. मीटरबाई लावायला गेली तर काकूंनी तिचा हात बाजूला केला. “द्या इकडे. अर्धा दोरा चुकला तर कोट बसत नाही, मला सवय आहे.” त्यांनी चष्मा वर सारला, फोटो डोळ्यांजवळ धरला. “पडदा साडेसहा सेंटीमीटर. सावली सरकलीय अर्धा सेंटीमीटर. तंतोतंत.”

“म्हणजे पडद्याचा तेरावा भाग.” मीटरबाईने फॉर्मच्या पाठीवरच गणित मांडलं. जुन्या टीव्हीत पडद्यावरची एक रेघ डावीकडून उजवीकडे काढायला किती वेळ लागतो, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. त्याचा तेरावा भाग म्हणजे सावलीला झालेला उशीर. तेवढ्या वेळात लहर जेवढी धावते, तेवढं जास्तीचं अंतर. “बाराशे मीटर. घरावरून पुढे जायचं आणि परत यायचं, म्हणजे निम्मं. सहाशे मीटर.”

मोबाइलवरच्या नकाशात तिने घरापासून मागे बोट ओढलं. पाण्याची टाकी अडीचशे मीटर. खाणीचा कडा जवळजवळ दीड किलोमीटर. गोदाम सहाशे दहा.

“गोदाम,” ती म्हणाली.

काकूंनी टेप पुन्हा गळ्यात टाकली. त्या बराच वेळ फोटोकडे बघत होत्या. “एवढी वर्षं ते जिला हाकलत होते,” त्या म्हणाल्या, “ती सावलीच आपल्याला बातम्या दाखवतेय.” मग त्यांनी फोटो पाकिटात न ठेवता मशीनच्या काठावर टेकवून उभा केला.

गणित बरोबर आलं म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हे मीटरबाईला ठाऊक होतं. प्रत्यक्ष जाऊन पाहायला हवं होतं. कामं वाटली गेली. आत्या घरी मीटर आणि चालू टीव्हीसमोर बसणार, फोन कानाला. मीटरबाई आणि काकू वर जाणार. काकूंचा गुडघा दुखरा, पण “मी फिरवलाय अँटेना, मी येणार” म्हणून त्यांनी चपला घातल्याही होत्या.

गोदामापाशी पोचायला वीस मिनिटं लागली. इमारत जुनी, भिंती पन्हाळी पत्र्याच्या, दरीच्या बाजूची भिंत चांगली दोन मजले उंच. राखणदार बाहेर खुर्ची टाकून शेंगा सोलत बसला होता. मीटरबाईने त्या भिंतीपाशी उभं राहून उत्तरेला पाहिलं आणि तिच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. इथून समोरच्या डोंगरावरून पलीकडचं दिसत होतं. क्षितिजावर टॉवरचं टोक, सुईसारखं बारीक. टॉवरला हे गोदाम सरळ दिसत होतं आणि गोदामाला दरी.

“हे मोठं सरकतं दार उघडता येईल का?” तिने राखणदाराला विचारलं. दार म्हणजे भिंतीचा चांगला निम्मा भाग होता.

“येईल की. रोज थोडंच उघडतो? पण हवा खेळवायला मंगळवारी आणि शुक्रवारी दहाला उघडतोच.”

“कधी म्हणालात?” काकूंनी मागून विचारलं.

“मंगळवार, शुक्रवार. दहा ते साडेदहा.”

काकूंनी कमरेवर हात ठेवले. “तरीच! मंगळवारी दहाला माझी मालिका सुरू होते न होते, तोच सगळ्यांच्या चेहऱ्यांचे चौकोन होतात. वन्सं म्हणतात, लेखकाला लाज वाटत असेल.”

राखणदाराला यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्याने हातातल्या शेंगा ठेवल्या आणि दाराला खांदा लावला. मीटरबाईने फोन कानाला धरला.

“बोला,” पलीकडून आत्यांचा आवाज आला. तीस वर्षांची नोकरी त्या एका शब्दात होती. “आकडा अडतीस. स्थिर.”

दार कुरकुरत सरकू लागलं.

“छत्तीस… बत्तीस… सत्तावीस…” आत्या सावकाश, एकाच पट्टीत सांगत होत्या. “बावीस. चित्र फुटलं. चित्र गेलं.”

“आता बंद करा,” मीटरबाई राखणदाराला म्हणाली.

“एकोणतीस. चित्र आलं. पस्तीस. अडतीस. स्थिर.” मग ऑपरेटरचा आवाज गळून पडला आणि आत्या ओरडल्या, “अहो, टाकी नाही म्हणजे! मी हरले, पण तुम्हीसुद्धा हरलात, तुमचा कडाही नाही!”

काकूंनी फोन मागून घेतला. “वन्सं, दूध उतू जात नाहीये ना, तेवढं बघा.”

त्या दिवशी उरलेली घरं झालीच नाहीत. मीटरबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, येताना पाने आणि शिडी घेऊन. आधी लोक तयार होईनात. एका घरातले आजोबा म्हणाले, “टॉवर तिकडे आणि तोंड इकडे? माझी चेष्टा करता का?” मीटरबाई समजावून थकली. शेवटी आत्या त्यांना हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या, टीव्हीसमोर बसवलं, आणि अर्ध्या तासाने ते स्वतःच पाना मागायला आले. दुपारपर्यंत दरीतले अँटेने एकेक करून फिरले. राहिलेल्या दहांपैकी आठ घरांत चित्र आलं. सगळ्यात खालच्या दोन घरांत मात्र काही केल्या अठराच्या वर आकडा जाईना, कारण तिथे टेकाडाचा एक खांदा गोदामाच्या आड येत होता. त्या दोन घरांतली माणसं दारात उभी राहून बघत होती, आणि मीटरबाईला त्यांच्याकडे बघवेना.

कार्यालयात फॉर्मचा प्रश्न उभा राहिला. रकाने दोनच होते, ‘येते’ आणि ‘येत नाही’. लाल दरीतली नऊ घरं ‘येते’मध्ये पाहून साहेबांनी तिला बोलावलं.

“अँटेने उलटे लावून?”

“हो साहेब.”

“एका पत्र्याच्या भिंतीच्या भरवशावर?”

“तेच म्हणतेय मी. उद्या कुणी ते पत्रे काढले तर नऊ घरं पुन्हा काळी. आणि दोन आजही काळीच आहेत.” तिने फोटोची प्रत आणि फॉर्मच्या पाठीवरचं गणित पुढे ठेवलं. “पण त्या जागेवरून टॉवर सरळ दिसतो. छपरावर एक छोटा सहप्रक्षेपक बसवला, टॉवरची लहर पकडून दरीत सोडणारा, तर भिंतीची गरजच नाही. अकराच्या अकरा घरं हिरवी होतील.”

साहेबांनी फोटो उजेडाकडे धरला. ते एकेकाळी याच खात्यात अँटेने चढवायचे. “सावलीवरून अंतर,” ते पुटपुटले. “हे आम्हाला शिकवलं होतं. मी कधी वापरलं नाही.” मग त्यांनी विचारलं, “मोजलं कुणी? इतकं बारीक?”

“शिवणकाम करतात एक काकू.”

मंजुरी यायला चार महिने लागले. तेवढ्या काळात राखणदाराने मंगळवारचं दार दहाऐवजी अकराला उघडायला सुरुवात केली. काकूंनी त्याला सदऱ्याला नवी कॉलर लावून दिली होती, पण तो म्हणायचा की त्याचा याच्याशी काही संबंध नाही. पुढे छपरावर एक हातभर उंचीचा करडा डबा आणि दोन लहान अँटेने बसले. खालच्या दोन घरांत आकडा चाळीसच्या पुढे गेला. त्या दिवशी मीटरबाईने नकाशावरचा लाल रंग स्वतः पुसला.

नव्या डब्याची आठवड्याला एकदा नोंद ठेवणारं कुणीतरी जागेवर हवं होतं. मीटरबाईने दुसरं कुणाचं नाव सुचवलंच नाही. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ठीक आठला तिचा फोन वाजतो आणि आत्या आकडे सांगतात, एकाच पट्टीत, शेवटी ‘स्थिर’ म्हणून.

मागच्या रविवारी फोन साडेसहालाच आला.

“बोला,” आत्या म्हणाल्या, पण आवाज नेहमीचा नव्हता. “आकडा ठीक आहे. पण आज चॅनेल सात नाहीत, नऊ आहेत. मी दर रविवारी पुन्हा शोधून बघते, सवय म्हणून. दोन नवे आलेत. एकावर माणसं भांडी बनवतायत, आणि जी भाषा बोलतायत ती मी आयुष्यात ऐकलेली नाही. तीस वर्षं मी जगभरचे कॉल जोडले, कुठलीही भाषा मला निदान ओळखू तरी येते. ही नाही येत.”

मीटरबाई अंथरुणातच उठून बसली. तिने हाताने चाचपडत पेन शोधलं.

“अँटेना कुणी हलवलाय?”

“नाही. वहिनी अजून उठलेलीच नाही.”

“बरं. आता खिडकीतून बघा आणि मला सांगा. दरीत धुकं आहे का? वारा आहे का? स्थिर, धुकट हवेत कधीकधी लहरी वाकून शेकडो मैलांवरून येतात. आणि फोन ठेवू नका.”

“थांबा,” आत्या म्हणाल्या, आणि फोनमधून खिडकीची कडी निघाल्याचा आवाज आला.